स्नेअरच्या पानावरच्या खळग्या

"जुनं पान आणलंय का?"

आक्काच्या खोलीत कुणी ड्रमर शिरला की या बसा म्हणायच्या आधी त्याला हा प्रश्न यायचा. पान म्हणजे ड्रमवर ताणून बसवलेला प्लास्टिकचा गोल पडदा. काठीचा मार खातो तो, आवाज काढतो तो, आणि आवाज बिघडला की शिव्याही त्यालाच. नवं पान हवं असेल तर जुनं काढून सोबत आणायचं, हा आक्काचा नियम. नाही आणलं तर ती स्टुलावरून उठतसुद्धा नसे. म्हणायची, "डॉक्टरकडे जाताना पेशंटला घरी झोपवून येता का?"

खोली होती तिच्या भावाच्या दुकानामागे. पुढे भावाचं गिटारी-बाजाच्या पेट्यांचं दुकान, काचेचं कपाट, हसतमुख गल्ला. भावाचं वय बावन्न, पण आक्कासाठी तो बाळ्याच, आणि आक्काचं ऐकून अर्धी गल्ली त्याला बाळ्याशेठ म्हणायची. वडलांनी दोघांची वाटणी सरळ केली होती. ज्याच्या जिभेवर साखर त्याला पुढचं दुकान, जिच्या जिभेवर कात्री तिला मागची खोली. आक्काची काही तक्रार नव्हती. पुढे बसून गिऱ्हाइकाला "वा, काय हात आहे तुमचा" म्हणायची वेळ आली असती, तर दुकान आठवड्यात बंद पडलं असतं.

वडील बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. त्यांच्या काळात पान कातड्याचं असे. हवा दमट झाली की कातडं सैल पडायचं आणि वडील ढोल घेऊन चुलीजवळ बसायचे, आजारी पोराला शेकत बसावं तसे. प्लास्टिकची पानं बाजारात आली तेव्हा ते महिनाभर त्यांच्याशी बोललेच नाहीत. पण बोटांनी कडेकडेनं टिचक्या मारत जायचं, प्रत्येक स्क्रूपाशी आवाज सारखा येईतो चावी फिरवायची, आणि एक स्क्रू आवळला की शेजारचा सोडून समोरचा आवळायचा, हे सगळं त्यांनी लेकीला शिकवलं. आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे जुनं पान वाचणं.

जुनं पान हातात आलं की आक्का ते खिडकीपाशी नेई, उजेडाला तिरपं धरी, अंगठा फिरवी, आणि मग सांगायला लागे. "डावा हात आळशी आहे तुमचा. खुर्ची फार पुढे घेता. आणि गाणं संपलं तरी एक टोला जास्तीचा हाणता, तो कशाला?" समोरचा माणूस तोंड उघडं टाकून बसे. मग ती पान सुचवी. कुणी "सगळ्यात जाड द्या, फाटायला नको" म्हटलं की म्हणे, "जाड पान म्हणजे अंगावर रजई. ऊब येईल, आवाज यायचा नाही." कुणी सगळ्यात पातळ मागितलं की म्हणे, "तुमच्या त्या फरशीवाल्या खोलीत ते इतकं घुमेल की शेजारी घर विकतील." आणि खालच्या बाजूचं पान, ज्याला काठी लागतच नाही आणि म्हणून जे कुणी वर्षानुवर्षं बदलत नाही, त्याच्याबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वरचं पान बोलतं. खालचं पान ते गल्लीभर करतं."

वाचून झालेली पानं खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली असत. प्रत्येकावर पेनानं धंदा लिहिलेला. वेल्डर. दातांचा डॉक्टर. केळीवाल्याचा जावई. नावं तिच्या लक्षात राहत नसत, हात राहत. स्वतः मात्र ती कधी वाजवत नसे. पान बसवलं की मधोमध चार ठोके मारायचे आणि काठी खाली ठेवायची. पाचवा ठोका तिच्या हातून पडलेला कुणी ऐकला नव्हता.

आता कॅशियरचं सांगतो.

कॅशियर म्हणजे पलीकडच्या चौकातल्या बँकेतला. इतका उंच की दारातून आत येताना वाकायचा, आणि सवय अशी लागलेली की ज्या दारातून वाकायची गरज नाही तिथेही वाकायचा. सतरा वर्षं तो क्लबातल्या हौशी बँडमध्ये ड्रम वाजवत होता. दर शनिवारी स्वतःचा सेट घरून उचलून न्यायचा, वाजवायचा, परत आणायचा. माणूस एवढा गरीब की फोनवर चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याची विचारपूस करून मगच ठेवायचा.

चार महिन्यांपूर्वी तो स्नेअरचं पान घेऊन आला. स्नेअर म्हणजे सेटमधला मधला, चपटा ड्रम, खाली तारा लावलेला, ज्याचा आवाज फटकन येतो. पान एकपदरी, पांढऱ्या खरखरीत लेपाचं, आक्कानंच वर्षापूर्वी दिलेलं. त्यावर बारीक बारीक खळग्या पडल्या होत्या, ओल्या मातीवर गारा पडाव्यात तशा.

आक्कानं पान उजेडाला धरलं. "हात जड झालाय तुमचा."

"माझा?"

"बँकेतला राग ड्रमवर काढताय."

पुढच्या दुकानातून बाळ्यानं मान आत घातली. "आक्का, काहीतरीच काय. हे डास मारायच्या आधी त्याला नोटीस देतात."

"मुके राग सगळ्यात जड," आक्का म्हणाली. "पान कधी थापा मारत नाही."

तिनं त्याला दोन पदरी पान दिलं आणि हलक्या हातानं वाजवायला सांगितलं. कॅशियर मान डोलवून गेला. सव्वा महिन्यानं परत आला, पानावर परत खळग्या. या वेळी आक्कानं दोन पदरी आणि वर मधोमध आणखी एक चकती चिकटवलेलं पान दिलं, आणि बजावलं, "अजून हलकं. ड्रम आहे, टाचणीनं फोडायचा फुगा नाही."

आणि तो तिसऱ्यांदा आला तेव्हा पान काखेत होतं, पण चेहरा गळपटलेला. स्टुलावर बसला तर गुडघे कानाला लागतील असा दुमडून बसला.

"आक्का, मी काठी अशी टेकवतो हो, अशी." त्यानं हवेत दोन बोटं ठेवल्यासारखी ठेवली. "तरी खळग्या. आणि वर आवाज मेलाय. आमच्या गायकानं काल तोंडावर सांगितलं, तुझा ड्रम शेजारच्या इमारतीत वाजतोय असं वाटतं. येत्या रविवारी सकाळी हॉलवर बोलावलंय. मी तीन गाणी वाजवायची, आणि एक नवा माणूस आहे जिम चालवणारा, त्यानं तीन वाजवायची. जो बरा त्याला खुर्ची."

बाळ्या पुढून आत आला.

"सतरा वर्षं मी त्या खुर्चीवर बसतोय," कॅशियर म्हणाला. "बँकेतली माझी खुर्ची उद्या कुणी उचलून नेली, तर मी उभा राहून नोटा मोजेन. पण ही..."

आक्का पान घेऊन खिडकीपाशी गेली. आज ती जास्त वेळ उभी राहिली. पान फिरवलं, काठावर जिथे ड्रमच्या तारांचा खटका येतो तिथली खूण शोधली, आणि पान तसं धरलं जसं ते वाजवणाऱ्याच्या समोर असतं. मग तिला दिसलं. मधोमध, चकतीवर, लेप नुसता राखाडी झाला होता, अगदी पुसट, कुणी तळवा फिरवल्यासारखा. ती होती कॅशियरची काठी, आडवी, हलकी, भिऊन टेकलेली. आणि खळग्या तिथे नव्हत्याच. त्या होत्या तीन बोटं अलीकडे, वाजवणाऱ्याच्या पोटाच्या बाजूला, सगळ्या बारीक, सगळ्या खोल.

जड हात पान झिजवतो, लेप उडवतो, फार तर मधे परात पाडतो. खळगी पडते ती काठीचं टोक वरून खाली सरळ घुसलं की. हे वडलांनी तिला ती दहा वर्षांची असताना सांगितलं होतं. आणि ती तीन महिने खळगी बघून वजन सांगत बसली होती.

"तुम्ही कधी उभं राहून वाजवता का?" तिनं विचारलं.

"उभं राहून? मी उभा राहिलो तर पंखा डोक्याला लागेल."

"घरात कोण कोण असतं?"

"मी, बायको आणि सासूबाई. बायको सकाळी आठला दवाखान्यात जाते, नर्स आहे. सासूबाई घरीच."

"त्यांना ड्रम आवडतो?"

कॅशियर इतक्या दुःखातही हसला. "बारा वर्षं झाली त्या आमच्याकडे राहतात. माझ्या वाजवण्याला पत्र्याचं काम म्हणतात. 'जावईबापू, आज पत्र्याचं काम किती वेळ चालणार?' कानात कापूस घालून शेजारणीकडे जाऊन बसतात."

"हं," आक्का म्हणाली. "उद्या मी येऊन पानं बसवते. घरी."

बाळ्याच्या हातातली गिटारीची तार सुटली. वडील गेल्यापासून आक्का कुणाच्या घरी पान बसवायला गेली नव्हती. राजा आला तरी ड्रम इथे आणा, असं तिचं होतं.

"पण उद्या दिवसभर मी बँकेत असेन."

"तुम्ही नसलात तरी चालेल. ड्रम असला म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला आक्का पानांची मोठी पिशवी खांद्याला लावून कॅशियरच्या इमारतीचा जिना चढत होती. दुसऱ्या मजल्यावरच तिचे पाय थांबले. वरून ठेका येत होता. साधाच, धीमा, पण असा की एकही ठोका आधी नाही की नंतर नाही. पायाचा बेस ड्रम तर भिंतीवरच्या घड्याळानं येऊन शिकावं असा. मधूनच डाव्या हाताचा एक चोरटा, खेळकर ठोका, कुणी बोलता बोलता डोळा मारावा तसा. आक्का पिशवी खाली ठेवून पाच मिनिटं जिन्यात ऐकत राहिली. मग वर जाऊन तिनं बेल दाबली.

ठेका तुटला. आतून लगबग ऐकू आली, काहीतरी पडलं, परत उचललं गेलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दारात एक चणीनं बारकी, सत्तरीला टेकलेली बाई, हातात फडकं.

"पानं बसवायला आले. दुकानातली आक्का."

"या या. जावईबापू म्हणाले होते, मला वाटलं संध्याकाळी येणार. मी आपली धूळ पुसत होते."

"ऐकलं मी. छान पुसता."

"ते होय, रेडिओ चालू होता."

"मग रेडिओला सांगा, डावा हात झकास आहे."

सासूबाईंनी फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, आणि गुपचूप बाजूला झाल्या.

ड्रमची खोली लहान होती. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, इस्त्रीचं टेबल, खिडकीला जाड पडदे, खाली गालिचा. मधे सेट. खुर्ची कॅशियरच्या मापाची, उंचच उंच, मागे भिंतीला सरकवलेली. आक्कानं स्नेअरवर ठेवलेल्या काठ्या उचलल्या. धरायच्या जागी त्या अजून ऊबदार होत्या.

"खुर्ची खाली का नाही घेतलीत?" तिनं सरळच विचारलं.

सासूबाई इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या. आता खोटं बोलायची हौस त्यांना उरली नसावी. "खाली घेतली असती तर त्यांना कळलं नसतं का? हिशोबी माणूस आहे. पेनाचं टोपण इकडचं तिकडे झालं तरी विचारतात. म्हणून कशाला म्हणून हात लावत नाही. उभी राहून वाजवते, आणि सगळं होतं तसं ठेवते."

"कधीपासून?"

"चार-साडेचार महिने झाले. बाई, मी चाळीस वर्षं कारखान्यात शाळेचे गणवेश शिवलेत. पायमशीन. घरी बसल्यापासून हा पाय गप्प बसेना. जेवताना हलतोय, झोपेत हलतोय. लेक म्हणाली, डॉक्टरला दाखवू. एक दिवस खरोखरच धूळ पुसायला इथे आले आणि पाय त्या पेडलवर पडला." त्यांनी उजवा पाय जमिनीवर दोनदा टेकवला. "बस्स. पाय घरी आला."

"आणि जावयाला पत्र्याचं काम म्हणायचं ते?"

"ते बारा वर्षांचं आहे. ते एकदम कसं सोडणार? आणि आता कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही सांगू नका त्यांना, तुम्हाला सांगून ठेवते."

आक्का पिशवी खाली ठेवून पुस्तकांच्या कपाटाला टेकली, आणि तिनं सगळं जसं होतं तसं सांगितलं. उभ्यानं वाजवलं की काठी वरून टोकावर येते, म्हणून खळग्या. खळग्या बघून तिनं, आक्कानं, कॅशियरला जड हाताचा ठरवला. मग तो भ्याला. तिनं जाड पान दिलं, त्यानं हात आखडला, दोन्ही मिळून आवाज मेला. आणि आता रविवारी त्याची खुर्ची जाणार.

सासूबाईंचं फडकं खाली पडलं. "म्हणजे माझ्यामुळे?"

"अर्धं तुमच्यामुळे. खळग्या तुम्ही पाडल्यात, वाचल्या मी उलट्या."

सासूबाईंनी फडकं उचलून झटकलं आणि म्हणाल्या, "तुमचं अर्धं तुम्ही सांगा. माझ्या अर्ध्याचं मी बघते. आता ही पानं तरी नीट बसवा."

आक्कानं पिशवी उघडली. "क्लबाचा हॉल कसा आहे? पडदे, गालिचा?"

"कुठला गालिचा? फरशी आणि उंच छत. कुणी शिंकलं तर तीन वेळा 'शतायुषी हो' म्हणावं लागेल. लग्नाला गेले होते एकदा तिथे."

"मग हॉल स्वतःच आवाज ओढून धरणार. टॉमना फार घुमणारी पानं नकोत." टॉम म्हणजे वरचे आणि बाजूचे गोल ड्रम. तिनं त्यांना पारदर्शक दोन पदरी पानं बसवली, तळव्यानं मधोमध दाबून ताण बसू दिला, मग कडेकडेनं टिचक्या. खालची पानं काढली तर ती नऊ वर्षांची निघाली, जुन्या पापुद्र्यासारखी. तीही बदलली. स्नेअरसाठी तिनं दोन पानं पुढे केली. आधी एक बसवून चार ठोके मारले.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "हा साहेबासारखा बोलतो. तोंडातल्या तोंडात."

मग दुसरं, साधं एकपदरी, पांढऱ्या लेपाचं, वर्षापूर्वी दिलेलं तसंच. चार ठोके.

"हा," सासूबाई म्हणाल्या. "हा तोंडावर सांगतो."

"हेच होतं आधीचं. मीच काढून टाकलं." आक्कानं चावी खिशात टाकली आणि बेस ड्रमच्या पोटात कोंबलेलं ब्लँकेट ओढून बाहेर काढलं. "हे कुणी घातलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना वाटलं असेल लेकीनं घातलं, लेकीला वाटलं त्यांनी."

संध्याकाळी बँक सुटल्यावर कॅशियर दुकानात आला. आक्का पुढच्या दुकानात आली आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाली, "मी चुकले. तुमचा हात जड नाही. कधीच नव्हता. रविवारी आधी वाजवायचात तसं वाजवा."

बाळ्यानं हळूच हातातली गिटार खाली ठेवली. असं वाक्य त्यानं या तोंडून पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि लहानपणी त्याला ते ऐकायला मिळायला हवं होतं अशा पुष्कळ गोष्टी घडल्या होत्या.

पण कॅशियर कसनुसा हसला. "तुम्ही माझी समजूत काढताय."

"मी? समजूत?"

"मग खळग्या कुणी पाडल्या?"

आक्काच्या ओठांवर नाव आलं होतं. तिनं ते परत ढकललं. "ते सांगायचं काम माझ्याकडे नाही."

"बघा," कॅशियर म्हणाला, आणि डोक्याला न लागणाऱ्या दारातूनही वाकून बाहेर पडला.

रविवारी हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. बँडवाले, त्यांची घरची मंडळी, आणि मागच्या रांगेत आक्का नि बाळ्या. तिसऱ्या रांगेत कॅशियरच्या बायकोशेजारी सासूबाई. बारा वर्षांत जावयाचं वाजवणं ऐकायला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. "पत्रे वाजतात तरी कसे ते बघू एकदा," असं घरातून निघताना म्हणाल्या होत्या.

जिमवाला कॅशियरच्याच सेटवर पहिला बसला. दंड असे की काठ्या हातात काडेपेटीतल्या काड्या वाटत होत्या. वाजवलं त्यानं चांगलं. मोठं वाजवलं, पण चांगलं. नवी पानं मोकळी बोलत होती, हॉल त्यांना उचलून धरत होता. गायकानं, जो सगळा बँड चालवायचा, मान डोलावली.

मग कॅशियर बसला, आणि पहिलं गाणं सुरू झाल्यावर आक्कानं डोळे मिटले. तेच, टेकवलेल्या काठ्या. ड्रम तयार होता, पान तयार होतं, पण माणूस पानाची माफी मागत मागत वाजवत होता. गाणं संपलं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, नातेवाईकांसाठी वाजवतात तशा. गायक घड्याळाकडे बघू लागला.

तेव्हा तिसऱ्या रांगेतली खुर्ची सरकली. सासूबाई पदर खोचत मंचावर चढल्या, पायऱ्या उंच म्हणून एक हात गुडघ्यावर. "जावईबापू, जरा उठा."

"आई, आत्ता?"

"उठा म्हणते ना. आणि त्या द्या इकडे."

कॅशियर उठला. काठ्या त्यानं अशा दिल्या जशी बँकेत चुकून जास्त आलेली नोट परत द्यावी. सासूबाईंनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. उभ्या राहिल्या, पोट स्नेअरला टेकवलं, उजवा पाय पेडलवर ठेवला, आणि सुरू झाल्या. तोच धीमा ठेका, तोच डोळा मारणारा डावा हात. जेमतेम एक मिनिट. कॅशियरच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला होता.

त्या थांबल्या. वाकून स्नेअरच्या नव्या पानावर बोट ठेवलं. "बघा. आल्या की नाही?"

कॅशियर वाकला, या वेळी खरोखर गरजेपोटी. पोटाच्या बाजूला, तीन बोटं अलीकडे, तीन-चार ताज्या बारीक खळग्या.

"या तुमच्या?"

"चार महिन्यांपासूनच्या सगळ्या माझ्या. तुम्ही बँकेत गेलात की."

"उभ्यानं?"

"खुर्ची हलवली असती तर तुम्हाला कळलं असतं."

हळूहळू कॅशियरचे खांदे हलायला लागले. आक्काला क्षणभर वाटलं, रडतोय की काय. पण तो हसत होता. "आई, मी तीन महिने बायकोला विचारतोय, मी रागीट आहे का गं म्हणून."

"रोज विचारतात," बायको तिसऱ्या रांगेतून म्हणाली. "स्वयंपाक सोडून उत्तर द्यावं लागतं."

"तुमचा हात जड नाही," सासूबाईंनी काठ्या त्याच्या हातात ठेवल्या. आवाज जरा खाली आला होता. "चांगला हात आहे. बारा वर्षं भिंतीपलीकडून ऐकते आहे, म्हणून तर मला आलं. आता बसा आणि पत्र्याचं काम नीट करा."

दुसरं गाणं सुरू झालं आणि पहिल्याच फटक्याला बाळ्यानं आक्काचा दंड धरला. स्नेअर तोंडावर सांगत होता. टॉम गोल, भरदार, बोलून झाल्यावर गप्प बसणारे. बेस ड्रम पोटातलं ब्लँकेट गेल्यानं मोकळा श्वास घेत होता. पण हे सगळं पहिल्या गाण्यातही होतंच. आता त्यामागे माणूस होता. तिसरं गाणं संपलं तेव्हा जिमवाला सगळ्यात आधी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"खुर्ची तुमचीच," गायक कॅशियरला म्हणाला. मग सासूबाईंकडे वळला. "आणि आजी, तुम्ही एखाद्या शनिवारी..."

"शनिवारी मला कामं असतात," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी असेल तर कळवा."

जिमवाला घाम पुसत म्हणाला, "मला कुणी सांगितलं असतं यांच्या घरात हेही आहे, तर मी आलोच नसतो."

ते चकतीचं तिसरं पान आता आक्काच्या भिंतीवर आहे. त्यावर दोन धंदे लिहिलेत. वर कॅशियर, खाली गणवेश. आक्काच्या प्रश्नातही भर पडली आहे. जुनं पान आणलंय का विचारून झालं की ती विचारते, "घरात आणखी कोण हात लावतं?" माणसं आधी कुणी नाही म्हणतात, मग जरा विचार करतात.

परवा सासूबाई स्वतः आल्या, काखेत पान घेऊन. जावयानं त्यांना ठेंगणी खुर्ची आणून दिली आहे, दोन खुर्च्या आता शेजारी शेजारी असतात, आणि ब्लँकेट पलंगावर गेलं आहे.

"वाचा," त्या म्हणाल्या. "खळग्या नाहीत एकही. बसून वाजवते."

आक्कानं पान उजेडाला धरलं. खळग्या खरंच नव्हत्या. पण अलीकडच्या काठाला एक लांब, आडवा, घासलेला पट्टा होता, काठी पानासोबत कडेच्या लोखंडी रिंगेवरही आपटल्याचा.

"ही काठी तुमची नाही," आक्का म्हणाली. "हा फार उंच माणूस आहे. फार खाली बसलाय. गुडघे मधे येतायत, म्हणून काठी आडवी पडते."

सासूबाईंनी पान तिच्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"माझ्या खुर्चीवर," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी शेजारणीकडे गेले की."

"कितीदा जाता?"

"आता जाणारच नाही." आणि त्या पान काखेत मारून निघाल्या, नवं न घेताच.